मांजराला लघवीचा त्रास पुन्हा पुन्हा होतोय? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

औषध दिलं, आठवड्यात मांजर खडखडीत बरं झालं, दोन-तीन महिने चांगले गेले आणि पुन्हा तेच सुरू. ट्रेमध्ये जाऊन बसतं, कुंथतं, बाहेर येतं, लगेच परत जातं. लघवीच्या त्रासाची मांजरं माझ्याकडे सांभाळायला बरीच आली. बाहेरून त्रास सगळ्यांचा सारखाच दिसतो, पण मुळाशी कारणं वेगवेगळी निघतात. म्हणून मी ठरावीक क्रमानेच बघते. ज्याला खर्च नाही आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते सगळ्यात आधी, सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया सगळ्यात शेवटी.

लक्षणं

निरोगी मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं आणि लिटरमध्ये, म्हणजे ट्रेमध्ये घालतात त्या लघवी शोषणाऱ्या दाण्यांत, बऱ्यापैकी मोठे गोळे होतात. त्रास सुरू झाला की फेऱ्या वाढतात आणि गोळे बारीक होत जातात, कधी नुसते थेंब. लघवीला गुलाबी किंवा लाल छटा येते. करताना मांजर ओरडतं. मागचा भाग इतका चाटतं की पोटाखालचे केस विरळ होतात. एरवी शहाणं असलेलं मांजर अंथरुणावर, बेसिनमध्ये, बाथरूमच्या गार फरशीवर लघवी करायला लागतं. लोकांना वाटतं ते सूड उगवतंय. तसं काही नसतं. ट्रेमध्ये गेलं की दुखतं, म्हणून ते बिचारं न दुखणारी जागा शोधत असतं. त्यासाठी रागावलात तर ताण वाढतो, आणि ताण हे या दुखण्याचं एक मोठं कारण आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

तीन गोष्टी यासारख्या दिसतात, पण वेगळ्या असतात. पहिली बद्धकोष्ठता. त्यातही मांजर ट्रेमध्ये बसून कुंथतं. गेल्या दोन दिवसांत शी नीट झाली आहे का ते आठवा, आणि शंका राहिलीच तर लघवी अडली आहे असं धरून चाला. दुसरी, फवारणी. मांजर उभं राहून, शेपटी ताठ करून, ती थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर लघवी उडवतं. हे हद्द आखणं असतं, आणि नसबंदी न झालेल्या बोक्यांत जास्त दिसतं. तिसरी, लघवीचं प्रमाणच वाढणं. गोळे मोठे, संख्येनेही जास्त, आणि पाण्याचं भांडं सारखं रिकामं. वयस्क मांजरात याचा अर्थ मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो. तिथे खालचे उपाय करत बसू नका, थेट रक्ताची तपासणी करून घ्या.

पहिली तपासणी: लघवी बाहेर येते आहे का?

बाकी सगळं राहू द्या, आधी एवढं बघा. ट्रे रिकामा करून धुवा, थोडंसं नवं लिटर घाला. घरात एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर या मांजराला वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर कोणाची लघवी कोणती ते कळणार नाही. लिटरवरून समजत नसेल तर ट्रेच्या तळाशी नुसता पांढरा कागद घाला. थेंब पडला तरी दिसतो आणि रक्तही दिसतं.

मांजर वारंवार बसतंय आणि काहीच येत नाही, किंवा तासाभरात चार-पाच वेळा जाऊन एखादाच थेंब येतोय, तर इथेच थांबा. पुढचं वाचू नका, मांजराला घेऊन निघा. रात्र असेल तर रात्री, सुट्टी असेल तर सुट्टीच्या दिवशी. बोका असेल तर एक तासही थांबायचं नाही.

बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि शेवटी लिंगापाशी फार अरुंद होतो. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज आली की तिथला चिकट स्राव, मेलेल्या पेशी आणि बारीक स्फटिक मिळून एक मऊ बूच तयार होतं आणि ते त्या अरुंद जागी अडकतं. कधी बारीक खडा अडकतो. मादीचा मार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे तिच्यात पूर्ण अडथळा क्वचित होतो. लघवी तुंबली की मूत्राशय फुगतं, दाब उलटा मूत्रपिंडावर येतो आणि शरीराबाहेर जायला हवेत ते पदार्थ रक्तात साठतात. त्यातलं सगळ्यात घातक म्हणजे पोटॅशियम. ते वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात, बिघडतात आणि हृदय थांबू शकतं. पूर्ण अडथळा झाल्यापासून २४ ते ४८ तासांत मांजर गंभीर होतं. उलट्या, मलूलपणा, खाणं पूर्ण बंद, अंग गार पडणं ही सगळी उशिराची लक्षणं आहेत. ती दिसायची वाट बघू नका. आणि आधी खूप ओरडणारा बोका अचानक गप्प पडून राहिला, तर त्याला बरं वाटतंय असं समजून निवांत होऊ नका.

या वेळी घरी काय करू नये तेही सांगते. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका. ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. तोंडात पाणी ओतू नका. बाहेर जायची वाट बंद असताना आत भर घालून उपयोग नाही. लघवी जास्त व्हावी म्हणून दिली जाणारी औषधंही त्याच कारणासाठी नकोत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबात नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. आयबुप्रोफेन मूत्रपिंडावर आघात करतं, आणि इथे मूत्रपिंड आधीच संकटात असतं.

लघवी होते आहे, पण थोडी-थोडी किंवा रक्ताची आहे, तर घाई तेवढी नाही. तरी २४ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. तोवर दर दोन-तीन तासांनी ट्रे बघत राहा. सुजलेला मार्ग पूर्ण बंद व्हायला वेळ लागत नाही.

इथून पुढच्या तपासण्या हा झटका ओसरल्यावर करायच्या, पुढचा येऊ नये म्हणून.

ट्रे आणि लिटर

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती इथे असते. ट्रे घाण असला, अवघड जागी असला किंवा आवडत नसला की मांजर लघवी धरून ठेवतं. धरलेली लघवी घट्ट होत जाते आणि मूत्राशयाच्या अस्तराला जास्त वेळ टोचत राहते.

मांजरं जितकी, त्यापेक्षा एक ट्रे जास्त, हा नियम पाळा. दोन ट्रे शेजारी-शेजारी ठेवले तर मांजराच्या हिशोबी तो एकच ट्रे असतो, म्हणून वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी. बाजारातले बरेचसे ट्रे यापेक्षा लहान असतात. साठवणीचा मोठा, उथळ प्लास्टिकचा डबा सरळ वापरावा, तो उत्तम चालतो. सुगंधी लिटर माणसाच्या नाकासाठी असतं, मांजराला तो वास नको असतो. बारीक दाण्याचं, बिनवासाचं, गोळे धरणारं लिटर बहुतेकांना आवडतं. गोळे रोज काढा, शक्य झालं तर दोनदा. यामुळे स्वच्छता राहतेच, शिवाय गोळ्यांची संख्या आणि आकार रोज नजरेखालून जातो. पुढचा झटका सगळ्यात आधी तिथेच कळतो.

ट्रेबाहेर लघवी झाली असेल तर ती जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास मांजराला लघवीसारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात, ती घरातून काढूनच टाका.

पाणी

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिकेतली आणि पश्चिम आशियातली कोरड्या प्रदेशातली रानमांजरं. त्यांना पाणी मिळायचं ते मुख्यतः शिकारीच्या मांसातून. म्हणून मांजराची तहान मंद असते. कोरडं खाणं खाऊनही ते वरून तेवढं पाणी पीत नाही, त्याऐवजी लघवी घट्ट करून काम भागवतं.

हिशोब करून बघा. मांजराला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० मिलिलिटर पाणी लागतं, खाण्यातलं धरून. म्हणजे चार किलोच्या मांजराला सुमारे २०० मिलिलिटर. कोरड्या खाण्यात पाणी असतं १० टक्क्यांच्या आसपास. दिवसाला ६० ग्रॅम खाल्लं तर पाच-सहा मिलिलिटर पोटात गेलं. ओल्या खाण्यात पाणी ७५ ते ८० टक्के. २०० ग्रॅम खाल्लं की दीडशेच्या वर मिलिलिटर पाणी भांड्याला तोंड न लावता मिळालं. लघवी पातळ झाली की स्फटिक धरत नाहीत, बूच बनणं अवघड होतं आणि अस्तराला जळजळ कमी होते. दुखणं कोणत्या कारणाचं आहे हे माहीत नसतानाही पाणी वाढवणं योग्यच ठरतं.

ओल्या खाण्यावर आणताना मात्र घाई करू नका. सात ते दहा दिवस घ्या, हट्टी मांजर असेल तर महिना घ्या. उपाशी राहिलं की खाईल, हा हिशोब मांजराच्या बाबतीत जीवघेणा आहे. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठायला लागते आणि तो स्वतंत्र गंभीर आजार आहे. २४ तास काहीच खाल्लं नाही तर जुनं खाणं परत द्या आणि डॉक्टरांशी बोला.

पाण्याची भांडी तीन-चार ठिकाणी ठेवा, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब. पसरट भांडं घ्या, म्हणजे मिशा कडेला घासत नाहीत. काहींना वाहतं पाणी आवडतं, त्यांच्यासाठी कारंजं आणा, पण आधी नळाची बारीक धार सोडून आवडतं का ते बघा. खाण्यात वरून दोन चमचे कोमट पाणी घालणं बहुतेक मांजरं चालवून घेतात. चवीसाठी रस्सा घालत असाल तर त्यात कांदा, लसूण आणि मीठ नको. दूध पाण्याची जागा घेत नाही, आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचतही नाही.

ताण

दहा वर्षांखालच्या मांजरांत लघवीच्या झटक्यांमागे निम्म्याहून जास्त वेळा ना जंतू सापडतात ना खडा. मूत्राशयाला सूज असते आणि तिचं ठोस कारण मिळत नाही. याला इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात. ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी यावर दीर्घकाळ काम केलं. या मांजरांच्या शरीराची ताणाला तोंड द्यायची यंत्रणाच वेगळी चालते आणि त्याचा परिणाम मूत्राशयाच्या अस्तरावर होतो, असं त्या कामातून पुढे आलं. त्यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरात राहणाऱ्या ४६ मांजरांच्या भोवतालची परिस्थिती सुधारली आणि पुढे १० महिने लक्ष ठेवलं. लघवीचा त्रास तर कमी झालाच, भित्रेपणा आणि अस्वस्थताही कमी झाली.

आता प्रतिजैविकांविषयी. हा सिस्टायटिसचा झटका बऱ्याचदा पाच-सात दिवसांत आपोआप ओसरतो. अँटिबायोटिकचा कोर्सही साधारण तेवढाच. त्यामुळे औषधाने बरं वाटलं असा समज होतो आणि पुढच्या झटक्याला तीच गोळी दिली जाते. तरुण मांजरात जंतुसंसर्ग फार क्वचित असतो. लघवीच्या कल्चरशिवाय, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीशिवाय, दर वेळी अँटिबायोटिक मिळत असेल तर डॉक्टरांना शांतपणे विचारा, कल्चर करता येईल का. झटक्यात खरी गरज असते ती वेदना कमी करण्याची. ते औषध मांजरासाठी सुरक्षित असलेलं आणि डॉक्टरांनी दिलेलंच हवं.

ताण शोधायला वहीसारखं साधन नाही. झटका आला की तारीख लिहा आणि आधीच्या आठवड्यात घरात काय बदललं ते लिहा. पाहुणे, रंगकाम, तुमची बदललेली कामाची वेळ, नवं बाळ, नवं मांजर, खिडकीबाहेर येऊन बसणारा परका बोका, सरकवलेला पलंग. तीन-चार नोंदींनंतर सूत्र दिसायला लागतं. अनेक मांजरांच्या घरात भांडणं दिसत नाहीत म्हणून सगळं आलबेल आहे असं धरू नका. एक मांजर दाराच्या मध्यावर नुसतं बसून दुसऱ्याकडे टक लावून बघतं, आणि दुसरं ट्रेकडे जायचं टाळतं. एवढं पुरतं. प्रत्येकाला स्वतःचं खाण्याचं भांडं, पाणी, ट्रे, उंच बसायची जागा आणि लपायची जागा द्या, एकमेकांच्या नजरेआड. खाण्याच्या वेळा ठरावीक ठेवा. रोज थोडा वेळ दोरी-पिसाच्या खेळण्याने शिकारीसारखं खेळवा आणि शेवटी ती पकडू द्या. परका बोका दिसत असेल तर खिडकीच्या खालच्या भागाला कागद लावा.

वजनही बघा. घरात बसून लठ्ठ झालेल्या, नसबंदी झालेल्या, कोरडं खाणाऱ्या बोक्यांत हा त्रास जास्त आढळतो. म्हणून नसबंदी टाळायची नाही, खाणं मोजून द्यायचं.

डॉक्टरांकडच्या तपासण्या

दुसरा झटका आला की घरच्या उपायांवर विसंबू नका, कारण शोधून घ्या. सुरुवात लघवीच्या तपासणीने. घरून नमुना नेता येतो: ट्रे धुऊन कोरडा करा, त्यात पाणी न शोषणारे प्लास्टिकचे मणी घाला आणि लघवी सिरिंजने उचला. तासाभरात पोचवा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या लघवीत मांजरात नसलेले स्फटिकही तयार होतात आणि रिपोर्ट फसवतो. एरवीही थोडे स्फटिक दिसले म्हणजे आजार असं नाही, निरोगी मांजरातही ते असतात. रिपोर्टमध्ये विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा, बघा. ओल्या खाण्यावर ते १.०३५ च्या खाली आलं तर पाणी पुरेसं जातंय. कल्चरसाठी मात्र डॉक्टर पोटातून बारीक सुईने लघवी काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, मांजर बहुतेक वेळा निमूट राहतं, आणि ट्रेमधल्या नमुन्यातले बाहेरचे जंतू मधे येत नाहीत. दहा वर्षांवरच्या, मधुमेही किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या मांजरात कल्चर टाळूच नका. तिथे जंतुसंसर्ग खरोखरच बऱ्याचदा सापडतो.

पुढे एक्स-रे आणि सोनोग्राफी, खड्यांसाठी. मुख्य प्रकार दोन, स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट. स्ट्रुव्हाइटचा खडा खास आहाराने काही आठवड्यांत विरघळतो. ऑक्झलेट विरघळत नाही, काढावाच लागतो. म्हणून खडा कोणता ते कळल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावरून ‘युरिनरी’ खाणं सुरू करू नका. १९८० च्या दशकात स्ट्रुव्हाइट टाळण्यासाठी मांजरांच्या खाण्यातलं मॅग्नेशियम कमी केलं आणि लघवी आम्लधर्मी होईल असं केलं. स्ट्रुव्हाइट कमी झाले आणि ऑक्झलेटचं प्रमाण वाढलं. मिनेसोटा विद्यापीठाचं केंद्र १९८१ पासून खड्यांचं विश्लेषण करतं, त्याच्या नोंदींत हा पालट दिसतो. उलट दिशेने, माणसांना लघवीच्या जळजळीसाठी देतात ते सिरप लघवी अल्कधर्मी करतं, आणि स्ट्रुव्हाइटला तेच पोषक असतं. खास आहार चालू असताना वरून दुसरा खाऊ दिला तर आहाराचा उपयोग उरत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराला हा आहार देण्याआधी तर विचाराच, कारण यातल्या काही प्रकारांत मीठ जास्त असतं.

अडथळा निघाल्यानंतर

भूल देऊन मूत्रमार्गात बारीक नळी (कॅथेटर) घातली जाते, रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासतात, सलाईन लावतात. अडथळा सुटल्यावर लघवी प्रचंड होते आणि मांजर कोरडं पडू शकतं, म्हणून एक-दोन दिवस दवाखान्यात राहावं लागतं. लवकर सोडा असा आग्रह धरू नका. कॅथेटर काढल्यावर त्याने स्वतःहून लघवी केलेली बघूनच घरी आणा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तुंबण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, तेव्हा प्रत्येक गोळा मोजा.

एवढं करूनही बोका वारंवार तुंबत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. त्यात मूत्रमार्गाचा अरुंद शेवट काढून तोंड रुंद करतात. नेहमी ही शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडूनच करून घ्या, कारण तोंड पुन्हा आक्रसणं हा त्यातला मुख्य धोका आहे. तुंबणं यामुळे बहुतेक थांबतं, मूत्राशयाची सूज थांबत नाही, म्हणून पाणी, ट्रे आणि ताण यांवरचं काम नंतरही चालू ठेवायचं. शिवाय मार्ग आखूड झाल्याने जंतू आत शिरणं सोपं होतं. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पुन्हा फेऱ्या वाढल्या, तर पहिली मागणी कल्चरची करा.